ऐन वेळचं गिफ्ट आणि एक पितळी पातेलं

शनिवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. मोबाइलवर मेसेज टपकतो, 'तुमचं पार्सल पोचायला थोडा उशीर होत आहे. नवी तारीख : मंगळवार.' आणि आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस रविवारी. म्हणजे उद्या!

तुमच्यावर आलीय कधी अशी वेळ? आली नसेल, तर एक तर तुम्ही भयंकर शिस्तीचे आहात, नाहीतर तुम्हाला नातेवाईकच नाहीत. बाकी आपण सगळे एकाच बोटीत. दिवसाला तीन डेडलाइन सांभाळणारी माणसं आपण, पण घरच्या वाढदिवसाची डेडलाइन नेमकी अंगावर येते.

पार्सलमध्ये होती एक डिजिटल फोटोफ्रेम. जुने फोटो स्कॅन करून त्यात टाकायचे, असा माझा प्लॅन. लवकर यावी म्हणून जादा पैसेही भरले होते. कस्टमर केअरला फोन लावला, वीस मिनिटं बासरी ऐकली आणि शेवटी एका गोड आवाजाने दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी काही कागदात गुंडाळून देता येत नाही.

गंमत म्हणजे जादा पैशांचा हा प्रकार आत्यानेच मला पहिल्यांदा समजावला होता. ती टेलिफोन खात्यातली. सुरुवातीची कित्येक वर्षं ट्रंक कॉल जोडायचं काम. तेव्हा कॉल तीन प्रकारचे असायचे : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. जितकी घाई, तितके पैसे जास्त. "आणि लाइटनिंगवाला माणूस फोनवर काय बोलायचा माहितीय? 'हॅलो, ऐकू येतंय का?'" हे सांगून आत्या दरवेळी तितकंच हसते.

फ्रेम नव्हे, दंड

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मी मास कॉम करायला पुण्यात आले तेव्हा होस्टेलचा विषयच निघाला नाही. सदाशिव पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत मी पाच वर्षं राहिले. रात्री अकराला उपाशी उगवले तरी ओट्यावर झाकलेलं ताट असायचं आणि ताटाशेजारी चिठ्ठी, 'आमटी गरम करून घे. थंड खाऊ नकोस.'

मग नोकरी लागली, सुटली, फ्रीलान्सिंग सुरू झालं आणि मी मैत्रिणीबरोबर बाणेरला फ्लॅट घेऊन राहायला लागले. बाणेर ते सदाशिव पेठ असं किती लांब असणार? दहा-एक किलोमीटर. पण मी शेवटची गेले होते ते गणपतीत. आता फेब्रुवारी उजाडला होता. मध्ये तिचे फोन आले. दोनदा मी मीटिंगमध्ये होते. एकदा नव्हते, तरी उचलला नाही. तिनं तक्रार केली नाही. फक्त फोन करायचे थांबवले.

म्हणून खरं सांगायचं तर ती फ्रेम गिफ्ट नव्हतीच, तो दंड होता. पाच महिने न गेल्याचा. आणि तोही मी घरपोच पाठवणार होते!

आता काय?

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच आला. दहा मिनिटांत घरी सामान आणून देणारी अ‍ॅप्स. उघडून बघितलं. चॉकलेटं, सुगंधी मेणबत्त्या, टेडी बेअर, 'वर्ल्ड्स बेस्ट' लिहिलेले मग. आत्याला डायबेटिस. टेडी दिला असता तर तिनं त्याला फडताळात कोंबून वर जुनं वर्तमानपत्र घातलं असतं.

दुसरा पर्याय, लक्ष्मी रोड आणि साडी. शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडला पार्किंग शोधणं हाच एक पराक्रम. शिवाय आत्याच्या कपाटात घडीसुद्धा न मोडलेल्या साड्यांची थप्पी आहे. 'आता कुठे नेसायच्या गं एवढ्या?' हे तिचं पेटंट वाक्य.

तिसरा, अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं. चौथा, बालगंधर्वला एखाद्या चांगल्या नाटकाची दोन तिकिटं. ही आयडिया मला अजूनही झकास वाटते. शिपिंग नाही, पॅकिंग नाही आणि दुसऱ्या खुर्चीत आपण स्वतः. तुम्ही जरूर वापरा. आत्याचे गुडघे मात्र तीन तास एका जागी बसू देत नाहीत. पाचवा, पाकिटात एक हजार एक रुपये. ते तर तिनं निघताना माझ्याच पर्समध्ये परत सरकवले असते.

चार वाजले. मी वैतागून सोफ्यावर बसले आणि वेगळाच प्रश्न स्वतःला विचारला. आत्याला काय आवडतं, हा नाही. आत्या कशाबद्दल कुरकुर करते, हा! माणसं आपल्याला काय हवंय ते कधीच सांगत नाहीत. विचारलं तर 'मला काही नको, तुम्ही या म्हणजे झालं' असं म्हणतात. पण कुरकुर मात्र मनापासून करतात. दिवा लांब पडतो, चष्म्याची दांडी सैल झालीय, रेडिओ खरखरतो, अमुक भांडं कुणी नीट करून देत नाही...

भांडं!

माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे आत्याचं पितळी पातेलं उभं होतं. मी फ्लॅट घेतला तेव्हा तिनंच दिलेलं, तिच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं. देताना म्हणाली होती, "कल्हई उडालीय. आमचा कल्हईवाला आता येत नाही. तू कुठे मिळतो का बघ आणि करून घे. यातल्या आमटीची चव स्टीलला नाही." मी मान डोलावली आणि पातेल्यात पॅम्पास ग्रासचे तुरे खोचले. फोटोत फार छान दिसायचं. इतकं, की 'आजीची भांडी, नवा लूक' छापाचा एक लेखही मी त्यावर पाडला होता. आत्याने तो वाचून फोन केला होता. "छान लिहिलंयस," म्हणाली. मग जरा थांबून, "कल्हई केलीस का गं?"

नवसागराचा धूर

साडेपाचला मी पातेलं स्कूटीच्या पायाशी ठेवून कसब्यात. तांबट आळीत शिरलं की पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने एकेक ठोका पाडत मठारकाम करणाऱ्या कारागिरांची ही पेशवाईपासूनची वस्ती. तिथे विचारत विचारत कल्हई करणाऱ्या एका काकांपर्यंत पोचले. त्यांनी पातेलं हातात घेतलं, आत बोट फिरवलं आणि बोटाला चिकटलेला तुरा माझ्यासमोर धरला.

"फुलं ठेवत होता काय यात?"

मी गप्प.

"उद्या संध्याकाळी या."

"काका, उद्या सकाळी वाढदिवस आहे. आत्याचा. पंचाहत्तरावा. भांडं तिच्या आईचं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. "बसा," म्हणाले.

तुम्ही कल्हई होताना पाहिलीय? मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आधी भांडं घासून घासून लख्ख. मग निखाऱ्यांवर तापवायचं. पूर्वी चामड्याचा भाता असायचा, काकांकडे विजेवरचा पंखा होता. भांडं पुरेसं तापलं की आत नवसागराची पूड. भसकन पांढरा धूर येतो आणि नाकात झणका बसतो. त्या धुरातच काका कथलाची कांडी भांड्याला टेकवतात. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे धातूंच्या मानाने अगदीच लवकर. ते पाऱ्यासारखं ओघळायला लागलं की कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवायचं. बघता बघता पिवळं पितळ चांदीसारखं होतं. मग भांडं पाण्यात. चर्रर्र!

हा सगळा खटाटोप का, तर आंबट पदार्थ नुसत्या पितळेत ठेवला की कळकतो. धातू पदार्थात उतरतो आणि चव बिघडते. कथलाचा पातळ थर मध्ये असला की चिंच-आमसूल घातलेली आमटीसुद्धा त्यात बिनधास्त उकळता येते. काकांनी दोन सूचना दिल्या, त्या तुमच्याही कामाच्या : कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही, थर वितळतो. आणि आतून तारेच्या घासणीने घासायचं नाही.

अर्ध्या तासात काम झालं. भांडं परत देताना काकांनी काठावर बोट ठेवलं. काळपटपणा गेल्यावर तिथे टिंबाटिंबांनी कोरलेलं एक नाव उघडं पडलं होतं. बायकी नाव, पण आडनाव आमचं नव्हतं.

"आजीचं माहेरचं असणार," काका म्हणाले. "रुखवतात द्यायचे तेव्हा."

माझ्या आजीचं माहेरचं नाव मला तोवर ठाऊक नव्हतं. लोकांच्या मुलाखती घेऊन पोट भरणारी मी!

"किती घेतले?"

रविवारी सकाळी सातला मी आत्याकडे. काकू आणि मी मिळून कणकेचे पंचाहत्तर दिवे केले. औक्षण झालं, पाहुणे आले, गिफ्टचा ढीग साचला. माझं पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कोपऱ्यात. बाकीच्या चकचकीत कागदांपुढे अगदीच केविलवाणं दिसत होतं.

आत्याने ते सगळ्यात शेवटी उघडलं. आत बघितलं. उजेडाकडे तिरपं धरून परत बघितलं. मग पहिला प्रश्न, अस्सल सदाशिव पेठी, "किती घेतले?"

"साडेतीनशे."

"बरे घेतले." मग तिचं बोट काठावरच्या नावावर गेलं. तिथे बराच वेळ राहिलं. डोळ्यांनी नीट वाचता येत नव्हतं, म्हणून ती टिंबं चाचपत होती. "हे मी विसरलेच होते गं," एवढंच म्हणाली.

"आत्या, मी फोन उचलला नाही तेव्हा..."

"चिंच भिजत घाल," तिनं मला तोडलं. "लिंबाएवढी. जास्त नको."

जेवण केटररकडून आलेलं होतं, तरी संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर तिनं आमटी केलीच. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या. ती आजीबद्दल सांगत होती. आजीचं माहेर, तिचे भाऊ, रुखवतातली बाकीची भांडी पुढे कुठे कुठे गेली ते. मी मोबाइल पर्समध्येच ठेवला होता. चवीचं म्हणाल तर स्टीलच्या आमटीपेक्षा काय वेगळं होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. मी तीनदा भात घेतला, एवढं सांगते.

निघताना सहज विचारलं, "किती टिकते गं कल्हई?"

"रोज वापरलं तर पाच-सहा महिने." तिनं बोटांवर मोजलं. "ऑगस्टात उडेल. तेव्हा न्यायला ये."

विचारलं नाही हं तिनं. सांगितलं.

फोटोफ्रेम मंगळवारी नाही, गुरुवारी आली. खोकं अजून फोडलेलं नाही. फोटो मात्र आता आत्यासोबत बसूनच निवडायचे ठरवलेत, दर रविवारी थोडे थोडे. आणि पॅम्पास ग्रास? ते सध्या बाथरूममधल्या बादलीत आहे. तिथेही बरं दिसतंय.