नव्या गड्यांकडून अपेक्षा

यंदाच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून द्यावें, असा निरोप संपादक-मंडळाकडून आला तेव्हां मराठीच्या शिक्षकाकडून एखाद्या कवीवर अगर व्याकरणाच्या एखाद्या अंगावर लेखाची अपेक्षा असावी, असें मला वाटलें. परंतु जून २०२४ पासून माझ्या मनांत निराळीच एक गोष्ट घोळत आहे. ती आहे बास्केटबॉलची. आणि तीहि आपल्या पटांगणावरची नव्हे, तर अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी या शहरांतली. वाचकांनीं थोडा धीर धरावा. फिरत फिरत ती प्रस्तुत लेखकाच्या एका चुकीपर्यंत येऊन पोहोंचणार आहे.

माझे थोरले बंधु त्या शहरीं राहतात. त्या वर्षीं त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली व शाळेंतून रजा घेऊन मी त्यांच्याकडे गेलों. वहिनी नोकरीवर जात, पुतण्या विद्यापीठांत जाई. तेव्हां पेज करणें, औषधांच्या वेळा सांभाळणें आणि सायंकाळीं दादांना धरून अंगणांत चार पावलें चालविणें, हें माझें काम. पांच वाजल्यानंतर समाचाराला मंडळी येत. पुतण्याचे दोन मित्र, शेजारचे एक वृद्ध ट्रकचालक आणि समोरच्या घरांतील एक सेवानिवृत्त शिक्षिका, हीं नित्याचीं माणसें. प्रकृतीची विचारपूस दोन मिनिटांत आटोपे, आणि मग विषय निघे तो शहराच्या 'थंडर' नांवाच्या संघाचा. दादाहि उशीला टेकून तावातावानें बोलूं लागत. डॉक्टरांनीं त्यांना बोलण्यास मनाई केली नव्हती, हें त्यांचें भाग्य.

या खेळाविषयीं मला मुळींच आस्था नव्हती असें नाहीं. त्याचा जन्मच एका शिक्षकाच्या हातून झालेला आहे. डिसेंबर १८९१ मध्यें स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ या कॅनडांतून आलेल्या, धर्मशास्त्र शिकलेल्या तरुण मास्तरापुढें अठरा दांडग्या विद्यार्थ्यांचा वर्ग होता. थंडीमुळें बाहेर खेळतां येईना, तेव्हां त्यानें पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले व नऊ-नऊ मुलांना समोरासमोर उभें केलें. त्या पहिल्या सामन्यांत चेंडू टोपलींत पडला तो एकदांच! आपल्या देशांत या खेळाच्या प्रसाराला याच संस्थेचा हात लागला; हॅरी बक यांनीं मद्रास येथें १९२० मध्यें काढलेलें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय जाणत्यांना ठाऊक आहे. परंतु व्यवसायी संघांचा बाजार मात्र मला सर्वस्वीं नवा होता.

परिस्थिति अशी होती. २०२३–२४ च्या मोसमांत या तरुण संघानें ५७ सामने जिंकून आपल्या विभागांत पहिलें स्थान मिळविलें, आणि नंतर बाद फेरींत डॅलसच्या संघाकडून हार खाल्ली. शेवटचा सामना ११७–११६ असा एका गुणानें गेला. त्या एका गुणाची हळहळ शहरांत घरोघर ऐकूं येई. वृद्ध ट्रकचालक म्हणत, "आमचीं मुलें चेंडू टाकण्यांत कमी पडलीं नाहींत, टोपलीच्या कडेला लागून परत उडालेला चेंडू उचलण्यांत कमी पडलीं." आणि तें खरेंच होतें, त्या कामांत हा संघ तळाच्या संघांत मोडत होता. तेव्हां सॅम प्रेस्टी या त्यांच्या व्यवस्थापकानें उन्हाळ्यांत दोन गडी आणले. दोघेहि नायक नव्हेत. आपल्याकडील नाटकमंडळ्यांत ज्यांचें नांव जाहिरातींत बारीक टाइपांत छापीत, पण ज्यांच्यावांचून प्रवेश उभा राहत नसे, तशा दर्जाचे.

पहिला अॅलेक्स कारूसो. वय तीस, उंची सहा फूट पांच इंच. २०१६ सालच्या निवडींत कोणत्याहि संघानें त्याचें नांव पुकारलें नव्हतें. याच शहराच्या दुय्यम संघांत त्यानें उमेदवारी केली व पुढें लॉस एंजेलिसच्या संघाबरोबर २०२० चें विजेतेपद पाहिलें. त्याच्या बदल्यांत शिकागोला दिला तो एकवीस वर्षांचा जॉश गिडी, जो निवडींत सहावा आला होता. दुसरा आयझाया हार्टेनस्टाइन, सात फूट उंचीचा. हा २०१७ च्या निवडींत त्रेचाळिसावा. त्याला तीन वर्षांसाठीं ८ कोटी ७० लाख डॉलर! आणि न्यूयॉर्कच्या संघांत मागील मोसमीं त्याचे गुण किती? सामन्यामागें सरासरी आठांहूनहि किंचित् कमी.

यावरून त्या दिवाणखान्यांत जें रण माजे, त्याचें वर्णन काय करावें! पुतण्याचा एक मित्र बोटें मोडून हिशेब करी: वर्षाला जवळजवळ तीन कोटी डॉलर आणि आठ गुण, म्हणजे एकेक गुण केवढ्याला पडला? शिवाय चेट होमग्रेन हा सात फुटी मुलगा संघांत आहेच. दोन ताडमाड माणसें टोपलीखालीं एकत्र उभीं राहिलीं म्हणजे बाकीच्यांना वाट कोठली? दुसऱ्याचें म्हणणें, कारूसो वारंवार दुखापतीनें बसतो. त्याच्यासाठीं वाढत्या वयाचा मुलगा देणें म्हणजे कलम देऊन जुनें झाड विकत घेणें. दादांनीं पैशाचा मुद्दा मात्र चांगला उलगडून सांगितला. संघाच्या एकूण वेतनाला मर्यादा असते; त्या वर्षीं ती सुमारें १४ कोटी डॉलर होती. संघाचे दोन-तीन उत्तम तरुण गडी अद्याप प्रथम कराराच्या अल्प वेतनावर होते. तें वेतन पुढें फुगणार हें निश्चित. तोंवर हातीं असलेली मोकळीक वापरावयाची, आणि म्हणूनच हार्टेनस्टाइनच्या करारांतील तिसरें वर्ष ठेवावें कीं न ठेवावें, हें संघाच्या मर्जीवर राखलेलें. पेरणीपूर्वीं हातीं असलेल्या पैशांतून बैल घ्यावा कीं विहीर खणावी, अशा जातीचाच तो प्रश्न होता.

एके दिवशीं मलाहि राहवलें नाहीं. शिक्षकाच्या संवयीप्रमाणें मीं विचारलें, "पण ज्याला गुण मिळत नाहींत त्याला चांगला म्हणावयाचें कशावरून?"

त्या सेवानिवृत्त बाई माझ्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्याला कोणत्या कामासाठीं आणला आहे, तें आधीं विचारा. कारूसो ज्याच्यावर नजर ठेवतो त्याचे गुण किती झाले, तें पाहतां का तुम्ही? हार्टेनस्टाइन मध्यें भिंतीसारखा उभा राहून नायकाला वाट मोकळी करून देतो. तो गुण नायकाच्या नांवावर पडतो. तुमच्या शाळेच्या वहींत तो कोठें लिहितात?"

त्यांना त्या प्रश्नाचें उत्तर नको होतें. मला मात्र रात्रीं झोंप आली नाहीं.

कारण असें. २०२३ सालीं मी शाळेच्या क्रीडा-समितीचा चिटणीस होतों. जिल्हास्पर्धेसाठीं बारा मुलांची यादी करावयाची होती आणि जागेपेक्षां मुलें दोन अधिक होतीं. मीं गुणांची वही उघडली. नववींतील एका मुलाच्या नांवापुढें चार सामन्यांत मिळून एकहि गुण नव्हता. मीं त्याचें नांव खोडलें. खेळाच्या सरांनीं "त्याचा फेरविचार करावा" असें दबत्या आवाजांत सुचविलें होतें. मीं वहीकडे बोट दाखविलें. मुलानें तक्रार केली नाहीं. त्याचे वडील एकदां फाटकाशीं भेटले, नमस्कार करून कांहीं बोलावयास थांबल्यासारखे दिसले, आणि तसेच निघून गेले. आमचा संघ पहिल्याच फेरींत हरला, तेव्हां "नशीब" म्हणून मीं तो विषय मिटविला.

जुलैअखेर परत आलों. पहिल्याच शनिवारीं ती वही पुन्हां काढली. डावीकडील पानावर आपलीं मुलें असतात, उजवीकडे प्रतिपक्षाचीं. त्या उजव्या पानाकडे मीं पूर्वीं पाहिलेंच नव्हतें. चारहि सामन्यांत समोरच्या संघाचा जो नांवाजलेला गडी, त्याच्या नांवापुढें खुणा अगदीं तुरळक. जिल्हास्पर्धेंत मात्र समोरच्या कप्तानाच्या नांवापुढें खुणांना जागा पुरली नव्हती. चार-पांच सामन्यांवरून सिद्धान्त बांधूं नये, हें मलाहि समजतें, पण खेळाच्या सरांना विचारलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "त्या पोराला मी नेहमीं त्यांच्या मुख्य गड्यावर सोडीत असें."

मीं मुलाला बोलावून घेतलें व माझी चूक झाली, असें त्याला सांगितलें. यंदा संघांत येशील का, असेंहि विचारलें. तो पायांकडे पाहत म्हणाला, "सर, दहावीचें वर्ष आहे. घरीं नाहीं म्हणतात." त्यावर मला बोलण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. घरच्यांचें म्हणणें मीं स्वतः कितीतरी पालकांना पढविलेलें होतें.

इकडे थंडरचा मोसम सुरू झाला तो दिवाणखान्यांतील सर्व भाकितें उधळून देत. मोसमापूर्वींच्या सरावसामन्यांतच हार्टेनस्टाइनच्या डाव्या हाताचें हाड मोडलें. पुतण्याच्या मित्राचा विजयोत्सव फोनवरून ऐकूं येई. नोव्हेंबरांत होमग्रेन पडला व त्याच्या कमरेच्या हाडाला इजा झाली. आणि थोड्याच दिवसांत हार्टेनस्टाइन परतला. दोन उंच माणसें एकत्र शोभतील कीं नाहीं, हा वाद फेब्रुवारीपर्यंत निकालावांचूनच राहिला. ज्याला अधिकचा म्हटलें होतें त्याच्यावांचून आतां चालेना. त्या मोसमीं सामन्यामागें दहांहून अधिक परतलेले चेंडू त्यानें उचलले. संघानें ६८ सामने जिंकले, केवळ १४ गमावले. कारूसोची सरासरी मात्र सातच गुणांची! पण बाद फेरींत डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यांत निकोला योकिच या त्याच्याहून सहा इंच उंच आणि जवळजवळ शंभर पौंड वजनदार माणसाला धरून ठेवण्याचें काम प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांनीं कारूसोवर सोंपविलें. थंडरनें तो सामना १२५–९३ असा जिंकला. अंतिम मालिकेंत तर याच सात गुणवाल्यानें दोन सामन्यांत वीस-वीस गुण केले. उलट, ८ कोटी ७० लाखांच्या हार्टेनस्टाइनला त्या मालिकेच्या पहिल्या तीन सामन्यांत आरंभीं बांकावर बसविण्यांत आलें व चौथ्यापासून पुन्हां आरंभीं उतरविलें. दादा फोनवर म्हणाले, "कोणीं काय अपेक्षा करावी, सांग बरें!" त्यांचा आवाज आतां पूर्वीसारखा खणखणीत झाला होता.

मालिकेचा सातवा सामना आपल्याकडील २३ जून २०२५ च्या पहाटे साडेपांचाला होता. सोमवार, बाहेर पाऊस. मीं त्या मुलाला आदल्या दिवशीं निरोप धाडला होता. तो येईल असें वाटलें नव्हतें. दहावी उत्तीर्ण होऊन तो नुकताच अकरावीला गेलेला. सव्वापांचाला छत्री झटकीत तो ओसरीवर उभा. आमच्या घरच्यांनीं चहा दिला. मी नेहमींप्रमाणें चेंडूमागें डोळे फिरवीत होतों. कोणीं टाकला, कोणाचा गेला, याचा ताळेबंद तोंडानें चाललेला. थोडा वेळ त्यानें तें सोसलें.

"सर," तो म्हणाला, "चेंडू सोडा. त्या नऊ नंबरच्या कारूसोचे पाय बघा. समोरचा वळायच्या आधीं हा तिथें जाऊन उभा राहतो."

मीं पाहूं लागलों. प्रथम कांहींच दिसेना. मग दिसूं लागलें. एकदां, दोनदां, आणि मग प्रत्येक वेळीं. थंडरनें तो सामना १०३–९१ असा जिंकला, पण मला मधले गुण कोणाचे, तें आज सांगतां येणार नाहीं.

"तुला हें कोणीं शिकविलें?" मीं विचारलें.

"कोणीं नाहीं, सर," तो हंसून म्हणाला. "माझा नेम चुकायचा, म्हणून."