पुन्हा जन्म नको, पुन्हा भेट हवी

माणूस गेला की त्याच्या घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही सांत्वन घेऊन येतो. कुणी जेवणाचा डबा आणतं, कुणी नुसतंच हात धरून बसतं, तर कुणी मृत्यूनंतर काय होतं ते समजावून सांगतं. माझे पती गेले तेव्हा या तिन्ही प्रकारची माणसं आमच्या दारात आली. त्यांतल्या तिसऱ्या प्रकारच्या सांत्वनानं मला बरंच विचारात पाडलं.

आम्ही मूळचे अहमदनगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडचे, मराठी ख्रिस्ती. पतींच्या नोकरीमुळे लखनौला आलो आणि जानकीपुरममध्ये घर बांधून इथलेच झालो. एका बाजूला सीतापूर रोड, दुसऱ्या बाजूला कुर्सी रोड आणि मध्ये विकास प्राधिकरणानं आखलेले सेक्टर. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. पण नाताळचा केक गल्लीभर जातो आणि होळीच्या गुजिया गल्लीभरातून आमच्याकडे येतात. पती गणित शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे ते ‘मास्टरसाहब’. 2022 च्या जानेवारीत, ऐन धुक्याच्या दिवसांत, ते गेले. आमच्यात तेरावं नसतं हे ठाऊक असूनही शेजारणींनी तेरा दिवस आमच्या घरी चूल पेटू दिली नाही.

त्याच दिवसांत शेजारच्या घरी मुलगा जन्मला. सव्वा महिन्यानं त्या घरच्या अम्माजी बाळाला घेऊन आल्या आणि त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. बाळाच्या उजव्या कानाजवळ तीळ होता. यांच्याही कानाजवळ तसाच तीळ होता. अम्माजींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, ‘‘मास्टरसाहब लौट आए, बहूजी. दूर नहीं गए.’’ त्यांच्या बोलण्यात माया होती. मी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गप्प राहिले. पण माझी सात वर्षांची नात बाजूलाच बसली होती. रात्री तिनं विचारलं, ‘‘आजी, म्हणजे आजोबा आता त्यांचे झाले का?’’

या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं.

पुनर्जन्माची कल्पना मला परकी नाही. माझी आजी दर रविवारी न चुकता उपासनेला जायची, तिला कितीतरी स्तोत्रं तोंडपाठ होती, पण एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही की तीसुद्धा ‘गेल्या जन्मीचं देणं’ म्हणून मोकळी व्हायची. ती एकटी नव्हती. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं 2019 च्या अखेरीपासून 2020 च्या सुरुवातीपर्यंत भारतात सुमारे 30,000 प्रौढांची पाहणी केली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार इथल्या 29 टक्के ख्रिस्ती लोकांनी पुनर्जन्मावर विश्वास असल्याचं सांगितलं. कर्मावर विश्वास ठेवणारे तर 54 टक्के निघाले. गंमत म्हणजे हिंदूंमध्येही पुनर्जन्म मानणारे 40 टक्केच होते. म्हणजे देवळाच्या आणि चर्चच्या भिंती जितक्या वेगळ्या दिसतात, तितकी माणसांची मनं वेगळी नसतात.

आमच्यातलेही काही जण बायबलमध्ये पुनर्जन्म आहे असं सांगतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला एलीया म्हणतो, हा त्यांचा मोठा आधार. पण योहानाला लोकांनी ‘तू एलीया आहेस का?’ असं विचारलं तेव्हा त्यानं स्वतःच नाही म्हटलं, हे योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे. शिवाय जुन्या करारानुसार एलीया मेलाच नव्हता, तो जिवंतपणी स्वर्गात घेतला गेला. जो मेला नाही त्याचा पुनर्जन्म कसा होणार? निकदेमाला सांगितलेला नवा जन्मही आईच्या पोटातून होणारा नाही. तो याच आयुष्यात मनानं नव्यानं सुरुवात करण्याचा जन्म आहे. ‘553 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनं पुनर्जन्म बायबलमधून काढून टाकला’ असंही ऐकायला मिळतं. त्या काळी वाद झाला तो ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या विद्वानाच्या नावे चालत आलेल्या, आत्मे देहाआधीच अस्तित्वात असतात या मताबद्दल. बायबलमधली पानं तेव्हा कुणी फाडली नाहीत. त्याहून कितीतरी जुन्या हस्तलिखितांतही तसा मजकूर नाही.

अर्थात माझं मन पुस्तकी पुराव्यावर ठरलेलं नाही. पुनर्जन्माच्या कल्पनेला दोन हात आहेत असं मला वाटतं. एक हात पाठीवरून फिरतो, ‘गेलेला परत येईल’ म्हणतो. दुसऱ्या हातात हिशेबाची वही असते. माझ्या बहिणीची मुलगी जन्मतः बहिरी. तिच्या पाळण्याशी उभं राहून एका बाईनं ‘मागच्या जन्मी काय केलं असेल पोरीनं!’ असं म्हटलेलं मी ऐकलं आहे. ती बाई दुष्ट नव्हती. तिला एका दुःखाचं कारण हवं होतं आणि सर्वांत जवळ सापडलेलं कारण तिनं उचललं. पण त्या एका वाक्यानं माझी बहीण कित्येक महिने मुलीला घेऊन घराबाहेर पडली नाही.

नेमका हाच प्रश्न येशूच्या शिष्यांनी विचारला होता. जन्मांध माणूस रस्त्यात दिसला तेव्हा हे कुणाचं पाप, याचं की याच्या आईबापांचं, असं त्यांनी विचारलं. येशूनं दोन्ही नाकारलं आणि तो त्या आंधळ्याला बरं करण्याच्या कामाला लागला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. माझ्यासाठी ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा इथं आहे. दुःखी माणसाची मागची वही उघडायची नाही, त्याच्यासाठी आज काय करता येईल ते बघायचं.

हे सांगताना आपल्याच एका माणसाची आठवण होते. नीळकंठशास्त्री गोरे हे चित्पावन कुटुंबातले, 1825 साली झाशीजवळ जन्मले आणि काशीत वाढले. ख्रिस्ती मताचं खंडन करण्यासाठी त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि पुढं 1848 मध्ये याच प्रांतातल्या जौनपूरला स्वतःच बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. 1860 च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी कर्म आणि पुनर्जन्म यांविषयीची मतं तर्कानं तपासली. मी काही त्यांच्यासारखी पंडित नाही. मला एवढंच कळतं की ज्या गुन्ह्याची आठवणच नाही त्याची शिक्षा भोगून कुणी सुधारत नाही. माझ्या हिंदू मैत्रिणी यावर म्हणतात, ‘तुमचा देव एकाच जन्मावर कायमचा निकाल लावतो, हा कुठला न्याय?’ प्रश्न खरा आहे. तान्हेपणीच गेलेल्या मुलाचं काय, ख्रिस्ताचं नावही न ऐकलेल्याचं काय, यावर आमच्या पंथापंथांतही मतभेद आहेत. मी त्या देवाच्या दयेवर भिस्त ठेवते, त्याच्या गणितावर नाही.

पतींनी मात्र एक गोष्ट आधीच ठरवून ठेवली होती. आपल्याला पुरू नका, दहन करा. रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली मुंबईत वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं होतं, हे त्यांनी वाचलं होतं. गोमतीकाठी भैंसाकुंडावर आम्ही दहन केलं. मंडळीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी काळजीनं विचारलं, ‘‘देहच राहिला नाही तर पुनरुत्थान कशाचं होणार?’’ मी म्हटलं, पुरलेल्या देहाचीही शेवटी मातीच होते. पौलानं करिंथकरांना लिहिताना बीजाचा दाखला दिला आहे. पेरलेला दाणा आणि उगवलेलं रोप सारखं दिसत नाही, तरी गव्हाचा गहूच येतो. पुनरुत्थान याचा अर्थ मी असा घेते, की त्या माणसाचं ‘तो’पण देवाजवळ हरवत नाही.

आणि नातीला मी हेच माझ्या भाषेत सांगितलं. ‘‘आजोबा कुणाचेच दुसरे झाले नाहीत. ते आपलेच आहेत आणि देवाजवळ आहेत. शेजारचं बाळ हे नवंकोरं बाळ आहे. त्याला गणित आवडलं नाही तरी चालेल.’’ ती हसली. पण बोलता बोलता मलाच एक गोष्ट उमगली. त्या बाळावर मेलेल्या माणसाचं ओझं टाकणं हा त्याच्यावरही अन्याय झाला असता. त्याला त्याचं स्वतःचं पहिलंवहिलं आयुष्य मिळायला हवं. आज तो चार वर्षांचा होत आला आहे, दिवसभर आमच्या अंगणात असतो आणि त्याला चित्रं काढण्याचं वेड आहे. अम्माजी अजूनही त्याला कधीकधी ‘मास्टरसाहब’ म्हणतात. मी त्यांना अडवत नाही आणि माझं मतही लपवत नाही. आमची मैत्री या मतभेदाहून मोठी आहे.

मला मृत्यूनंतरचं सगळं कळलं आहे असा माझा दावा नाही. भेट होईल ही माझी आशा आहे, माहिती नव्हे. रात्री जाग आली की बाजूची रिकामी उशी आशेला उलटसुलट प्रश्न विचारते. तेव्हा लाजराच्या कबरीपाशी येशू रडला, हा प्रसंग मला धीर देतो. थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार होता, तरीही रडला. म्हणजे श्रद्धा असली की अश्रू नकोत असं नाही.

पंडिता रमाबाईंनी 1921 मध्ये आपली एकुलती एक मुलगी मनोरमा गमावली आणि वर्षभराच्या आतच, 1922 च्या एप्रिलमध्ये, त्याही गेल्या. त्या मधल्या महिन्यांत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पूर्ण करत होत्या. एकच आयुष्य मिळतं असं मानणारं माणूस उरलेल्या दिवसांचं काय करतं, याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

हल्ली कुणाच्या घरी असा प्रसंग घडला की मी जाते, पण गेलेला माणूस आता कुठं असेल हे सांगत नाही. तो कसा होता ते विचारते आणि ऐकत बसते. निघताना दुसऱ्या दिवशीचा डबा मी आणीन, एवढं सांगून येते.