डावी बाही आधी

सेरेब्रल पाल्सीला मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात, आणि पक्षाघात हा शब्द कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर जो भाव उमटतो, त्याची आम्हांस आता सवय झाली आहे. विल्यम लिटल या इंग्रज डॉक्टरांनी १८६१ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले; त्यामुळे ती बराच काळ 'लिटल यांचा रोग' या नावाने ओळखली जाई. वस्तुतः हा रोग नाही. जन्माआधी, जन्मवेळी किंवा अगदी कोवळ्या वयात मेंदूला इजा होते. इजा पुढे वाढत नाही, परंतु मूल वाढते तसतसे तिचे परिणाम स्नायूंवर आणि सांध्यांवर उमटत राहतात. आमचा नातू आता नऊ वर्षांचा आहे. दोन्ही पाय ताठ, डाव्या हाताची मूठ अर्धी मिटलेली, बोलणे जरा अडखळत. बुद्धी तल्लख. पत्त्यांत तो आम्हां उभयतांना हरवतो. फक्त त्याचे पत्ते उभे राहावेत म्हणून लाकडी पट्टीत एक खाच पाडून घ्यावी लागली.

घरी येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला असतो, 'चालेल ना हो?' या मुलांच्या हालचालींच्या क्षमतेच्या पाच श्रेणी १९९७ मध्ये कॅनडातील तज्ज्ञांनी ठरवून दिल्या. आमचे उभे आयुष्य सरकारी कचेरीत श्रेणी आणि वेतनवाढी तपासण्यात गेले. या श्रेणीत बढती मिळण्याचा संभव फारसा नसतो, एवढे मात्र समजून घ्यावे लागले. आमचा नातू तिसऱ्या श्रेणीत आहे, म्हणजे घरात वॉकर धरून चालणे आणि बाहेर दूरवर जायचे तर चाकांची खुर्ची. तेथेच २००२ मध्ये झालेल्या अभ्यासात असेही दिसले, की उठणे, बसणे, चालणे या मोठ्या हालचालींतील बहुतेक प्रगती वयाच्या पाच वर्षांच्या आतच होऊन जाते. तेव्हा पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर देऊन झाले आहे. आमच्या घरातला प्रश्न निराळा आहे. त्याचे वजन चोवीस किलो झाले. आम्ही सदुसष्टीत, आणि त्याच्या आजीचे गुडघे तिचेच वजन कुरकुरत पेलतात. मुलगा आणि सूनबाई दिवसभर नोकरीवर. पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून संडासात त्याला उचलून नेणारे हात आणखी किती वर्षे पुरतील?

म्हणून आम्ही व्यायामाचा तास असा वेगळा ठेवलेला नाही. महिन्यातून एकदा थेरपिस्ट बाई येतात, पुढच्या महिन्याचे एखादे काम ठरवतात, आणि ते काम त्याच्या दिवसातच कोठेतरी बसवायचे असते. उदाहरणार्थ, सदरा. त्याला पाठीच्या बाजूने आधार असलेल्या अशा बुटक्या स्टुलावर बसवायचे, की दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकतील. पाय लोंबकळत राहिले की धड डगमगते आणि हात तोल सांभाळण्यातच गुंततात. घालताना अधू हाताची बाही आधी, काढताना चांगला हात आधी. सुरुवातीला सगळा सदरा आम्हीच चढवीत असू आणि शेवटी पुढचा काठ खाली ओढण्याचे काम तेवढे त्याचे असे. ते जमल्यावर उजवी बाही त्याच्याकडे गेली, मग डावी. असे शेवटाकडून आरंभाकडे गेल्याने काम दररोज त्याच्याच हातून पुरे होते आणि तो खूश असतो. पूर्वी वीस मिनिटे लागत, आता सात लागतात. त्या सात मिनिटांत आमचे हात शिवशिवतात. हे त्याच्या लक्षात आले आहे. 'आबा, हात मागे!' असे तो आम्हांस बजावतो, आणि आम्ही शाळेतल्या पोरासारखे हात पाठीशी बांधून बसतो. शाळेची रिक्षा दारात उभी असेल त्या दिवशी ही चैन परवडत नाही. म्हणून सराव संध्याकाळी, कपडे बदलताना.

स्वयंपाकघर ही आजीची शाळा. माळव्यातल्या थंडीत मटार स्वस्त होतो, तेव्हा तिच्यासमोर शेंगांची रास असते. शेंग डाव्या हाताने दाबून धरायची, उजव्याने उकलायची. डावा हात कधी उजव्यासारखा होणार नाही, पण धरून ठेवणारा हात म्हणून तो उपयोगी पडू लागला आहे. त्याला कणकेचा गोळा मिळतो, आणि त्यातून निघणारी पोळी कोणत्याही देशाच्या नकाशासारखी असली तरी ती त्याच्याच ताटात पडते. वाटी सरकू नये म्हणून खाली ओले फडके, चमचा निसटू नये म्हणून दांड्याला सायकलच्या ट्यूबची गुंडाळी. थंडीने आणि घाईने स्नायू अधिक ताठरतात, म्हणून डिसेंबरात ही कामे गरम पाण्याच्या अंघोळीनंतरच.

मालिशीविषयी लोक फार सल्ले देतात. तेल लावून हलक्या हाताने चोळल्यास मुलाला बरे वाटते, हे खरे. परंतु ताठ पाय जोर लावून ओढणाऱ्या हातांना आम्ही उंबरठ्याबाहेर ठेवले आहे. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी या मुलांच्या उपचारांचे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये परीक्षण केले. दुसऱ्याने हाताने ताणून दिल्याचा उपयोग त्यांना दिसला नाही. मुलाने स्वतः ठरावीक कामाचा घरी केलेला सराव मात्र उपयोगी ठरला. पायांच्या पट्ट्या नेमाने बांधणे आणि खुब्याचा सांधा सरकत नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर सांगतील तेव्हा क्ष-किरण चित्र काढणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी चुकवीत नाही. लहान मुलाला कडेवर, दोन्ही पाय फाकवून घेण्याची आपली जुनी पद्धत मात्र पायांची कात्री सुटण्यास चांगली, असे बाईंनीच सांगितले. आजीने ते वाक्य त्यानंतर शेजारणींना किती वेळा ऐकवले असेल, याची गणती नाही.

या वर्षीचे काम आहे पलंगावरून खुर्चीत जाण्याचे. पलंगाजवळच्या भिंतीला लोखंडी दांडी बसवून घेतली आहे. पुढे सरकायचे, तळपाय मागे घ्यायचे, नाक बोटांच्या पुढे येईल इतके वाकायचे, आणि मग दांडीला धरून उठून वळायचे. वाकण्याची त्याला भीती वाटते, कारण त्या क्षणी आपण तोंडघशी पडणार असे वाटते. म्हणून आजी समोर बसते आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून तो उठतो. पाचांतल्या तीन वेळा आता तो एकटा जातो. रात्री, झोपेत असताना, अजून आम्हीच उचलतो. या पावसाळ्यात तो दोन बोटे उंच झाला आहे, तेव्हा दांडी वर घ्यावी लागेल. प्लंबर रविवारी येतो म्हणाला आहे.