टोरी पाइन्सचा कडा

रविवार, सॅन डिएगो

आईला टोरी पाइन्सच्या अभयारण्यात नेलं. झाडं पाहताच ती म्हणाली, "अगं, हे तर आपल्याकडचे सुरू!" नाहीत. सुरूची 'पानं' म्हणजे खरं तर सांधे असलेल्या हिरव्या काड्या. इथे अस्सल सुया, लांबलचक, पाच-पाचच्या जुडग्यात. निसर्गतः हा पाइन जगात दोनच ठिकाणी उगवतो: इथे आणि सांता रोझा बेटावर. १८५० साली चार्ल्स पॅरीने त्याला आपले गुरू जॉन टोरी यांचं नाव दिलं.

पाऊस जेमतेम, म्हणून झाडांची भिस्त धुक्यावरही. समुद्रावरून आलेलं धुकं सुयांवर अडतं आणि थेंबाथेंबाने मुळाशी गळतं. कड्यावरची झाडं वाऱ्याने पिळवटलेली, बुटकी, आडोशाची सरळसोट. जात एकच, हे पटायला वेळ लागतो. दुष्काळात मात्र सालीखाली भुंगेरे शिरतात. वाळलेली खोडं जागोजागी दिसली.

एलेन स्क्रिप्स यांनी पदरमोड करून इथली जमीन राखली नसती, तर शेजारचं गोल्फचं मैदान इथवर पसरलं असतं, असं मला आपलं वाटतं.

पायवाटांवर खायला बंदी. खाली पुळणीवर चालतं, हे कळल्यावर आईचा उतरण्याचा वेग वाढला. पिशवीत चिवडा होता.