गोणपाटाचा डोंगर

दिवाळीचा किल्ला घरातल्या जुन्यापान्या वस्तूंचाच असावा, तयार आणू नये, असं मला ठामपणे वाटतं आणि त्यामागे काटकसरीचा विचार अगदी थोडा आहे. धान्याचं पोतं रिकामं झालं की त्याचं पायपुसणं होतं, पावसाळाभर ते दारात पडून विरतं आणि आश्विन सरत आला की तेच गोणपाट चिखलात बुडवून विटा, फुटकी कौलं, उपडं घातलेलं घमेलं यांवर पसरलं जातं. ओल्या गोणपाटाला आपल्याच वजनाने चुण्या पडतात आणि त्या चुण्यांत सह्याद्रीच्या सोंडा आणि घळी दिसू लागतात. कसबी चित्रकारालाही सहज जमू नये असा उतार तिथे आपसूक तयार होतो. भिजलेला अळीव बुळबुळीत असतो, म्हणून तो उभ्या चढणीलाही चिकटून राहतो आणि थोड्याच दिवसांत सगळा कडा हिरवा करतो. आरशाच्या तुकड्याचं तळं होतं, काड्यापेट्यांचे वाडे होतात, उंच टांगलेल्या डब्यातून सलाईनच्या नळीने कारंजं येतं. डबा जितका वर, तितकं कारंजं उंच, हे पुस्तकाआधी इथे कळतं. पाच वर्षांचं पोर चिखल कालवतं, बारा वर्षांचं तट बांधतं, आणि तेच मोठं झालं की पुढच्या पोरांसाठी माळ्यावर गोणपाट शोधत बसतं.

आता खऱ्या गडांकडे पाहावं. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यांतल्या डोंगरी किल्ल्यांचं मोठेपण डोंगराला कामाला लावण्यात आहे. जिथे ताशीव कडा आहे तिथे तटाचं काम कडाच करतो. बांधकामाचा दगड गडावरच फोडायचा आणि दगड काढून झालेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठवायचं. गडांवरची कित्येक टाकी अशीच झाली. हाताशी आहे त्यातूनच गड उभा करायची ही रीत विटांच्या ढिगाला राजगड म्हणणारं पोर नकळत चालवत असतं. साच्यातून निघालेल्या किल्ल्यात गडाचं रूप येतं, रीत येत नाही.

फ्लॅटला अंगण नसतं, ही अडचण खरी. पण गॅलरीतल्या मोडक्या टेबलावर खोकी, रद्दीचे बोळे, जुनी चादर आणि कुंडीतली माती एवढ्यावरही डोंगर उभा राहतो. विकतचा किल्ला जास्त हुबेहूब असतो असं कोणी म्हणेल. असेलही. मात्र राजगड स्वतः करायचा तर बालेकिल्ल्याभोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या कुठे काढायच्या, हे नकाशा उघडून पाहावं लागतं, आणि विटा संपल्या तर कुठली माची आखूड करायची हेही ठरवावं लागतं. असा ठरवलेला गड डोक्यातून जात नाही. सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: टाकाऊचं कौतुक हे गरिबीचं कौतुक ठरतं. ज्या घरात पोतं फाटेपर्यंत वापरणं भागच असतं, तिथे त्याचे गोडवे गाऊ नयेत, हे मला मान्य आहे. तरीही चिखल सगळ्यांना सारखाच मिळतो. चाळीतल्या पोराचा गड बंगल्यातल्या पोराच्या गडाहून सरस ठरावा, अशी संधी दिवाळीत दुसरी क्वचितच असते. तयार किल्ले आले की दारादारातले गड किमतीवर तोलले जाऊ लागतात. मावळे मात्र कुंभाराकडूनच घ्यावेत. ते त्याचं कसब आहे, आणि त्या कसबावर त्याचं घर चालतं.

तुळशीच्या लग्नापर्यंत अळीव पिवळा पडतो. मग मावळे कागदात गुंडाळून माळ्यावर जातात, विटा भिंतीशी रचल्या जातात, माती कुंड्यांत परतते, आणि गोणपाट झटकून, धुऊन कठड्यावर वाळत पडतं.