प्लेटलेट, पपईचा रस आणि गेममधली लाल बाटली



माझ्या दवाखान्यात रोज एक तरी पेशंट असा येतो. बसायच्या आधीच म्हणतो, "डॉक्टर, अंगात ताकदच नाही. एक सलाईन लावून टाका, उद्या लग्नाला जायचंय." तोंडाने नीट खाता-पिता येत असेल, उलट्या-जुलाब नसतील, तर सलाईनची गरज नसते, हे मी गेली वीस-बावीस वर्षं सांगतोय. 500 मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर. म्हणजे घरी लिंबू सरबत करून प्यायलात तर जवळपास तेच मिळेल, शिवाय सुई टोचायला नको. पेशंट मान डोलावतो आणि शेजारच्या गल्लीत जाऊन सलाईन लावून घेतो.

पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही, कारण हीच समजूत माझ्याही डोक्यात किती खोल बसली आहे ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं. ती गोष्ट आज सांगतो, पण सुरुवात व्हिडिओ गेमपासून करावी लागेल. ज्यांनी कधी गेम खेळले नाहीत त्यांनी कंटाळू नका, पुढे डेंग्यू आहे.

मी मिरजेला एमबीबीएसला होतो तेव्हा एका मित्राच्या भावाचा कॉम्प्युटर क्लास होता. संध्याकाळी क्लास सुटला की आम्ही तिथे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायचो. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने केलेला हा गेम 1989 चा, आमच्यापर्यंत पोचायला चार-पाच वर्षं लागली. राजपुत्र तळघरात अडकलेला, हातात 60 मिनिटं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तीन छोटे त्रिकोण, ते म्हणजे त्याचं आयुष्य. तलवार लागली किंवा उंचावरून पडला की एक त्रिकोण जायचा. मग कुठेतरी कोनाड्यात एक बाटली ठेवलेली दिसायची. राजपुत्र ती तोंडाला लावायचा आणि गेलेला त्रिकोण परत यायचा. मोठी बाटली मिळाली तर सगळं आयुष्य भरून वर एक त्रिकोण जास्तीचा.

पण त्यात एक गंमत होती. काही बाटल्यांत विष असायचं. औषधाच्या बाटलीतून लाल बुडबुडे यायचे, विषाच्या बाटलीतून निळे. आणि आमच्या क्लासमधला मॉनिटर होता ब्लॅक अँड व्हाइट! त्यामुळे आम्हाला सगळेच बुडबुडे सारखे. कोणती बाटली प्यायची हे आम्ही पिऊन, मरून आणि लक्षात ठेवून शिकलो. (फार्माकॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत माझी साधारण हीच अवस्था झाली होती.)

या बाटलीचं मूळ कागदावर खेळायच्या एका खेळात आहे. 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात प्रत्येक पात्राला 'हिट पॉइंट्स' म्हणजे एचपी असायचे आणि ते भरून काढायला जादूचं औषध. तिथून ही कल्पना कॉम्प्युटरवर आली. तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीला जोडून मारिओ खेळला असेल. 1985 च्या त्या गेममध्ये मश्रूम खाल्लं की मारिओ मोठा होतो, मग एक टक्कर बसली तरी मरत नाही, नुसता लहान होतो. 1986 च्या 'झेल्डा'मध्ये शत्रूला मारलं की कधीकधी त्याच्या जागी हृदय पडतं, ते उचललं की आपलं हृदय भरतं. त्याच वर्षीच्या 'कॅसलव्हेनिया'त तर नायक किल्ल्याची भिंत फोडतो आणि आत भाजलेलं मांस निघतं! किती दिवसांचं, कोणी ठेवलेलं, काही विचारू नका. तो खातो आणि ठणठणीत होतो. त्या गेममध्ये हृदयंही मिळतात, पण त्यांनी आयुष्य वाढत नाही, ती शस्त्रं वापरायला खर्च होतात. कार्डिऑलॉजिस्ट मित्रांनी नोंद घ्यावी.

पुढे बंदुकीचे गेम आले आणि बाटलीच्या जागी पांढरी मेडकिटची पेटी आली, वर लाल क्रॉस. इथे थोडं विषयांतर करतो. लाल क्रॉस हे दवाखान्याचं चिन्ह नाही. ते जिनिव्हा करारांनी संरक्षण दिलेलं, युद्धातल्या वैद्यकीय सेवेचं चिन्ह आहे. 2017 साली 'प्रिझन आर्किटेक्ट' या गेमच्या निर्मात्यांना ब्रिटिश रेड क्रॉसने हेच कळवलं आणि त्यांना गेममधल्या अँब्युलन्सवरचा क्रॉस बदलावा लागला. आपल्याकडेही 1960 चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट आहे, आणि तरीही गाडीच्या काचेवर लाल क्रॉस चिकटवणारे आम्ही डॉक्टर आहोतच. माझ्याही स्कूटरवर होता. काढला.

आता मूळ मुद्दा. या सगळ्या गेममध्ये आयुष्य म्हणजे एक आकडा किंवा एक पट्टी असते. मार लागला की पट्टी उतरते, वस्तू उचलली की त्याच क्षणी भरते. दुखणं कोणतंही असो, तलवारीचं, आगीचं की पडल्याचं, पट्टी एकच आणि औषधही एकच.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात माझ्या मुलाला ताप आला. तेव्हा तो आठवीत होता. दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस-1 तपासणी पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट 1,42,000. पुढच्या दिवशी 96,000. मग 48,000. पाचव्या दिवशी ताप उतरला, घरचे खूश झाले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास सगळ्यात धोक्याचे असतात. मी त्याला माझ्या एका फिजिशियन मित्राकडे दाखल केलं. त्या संध्याकाळी प्लेटलेट 21,000 आणि सहाव्या दिवशी सकाळी 17,000.

कॉटशेजारच्या टेबलावर काय काय जमलं होतं सांगू? शेजाऱ्यांनी आणलेली किवी. भाच्याने आणलेलं ड्रॅगन फ्रूट. कोणीतरी शेळीचं दूध. आणि माझ्या आईने पहाटे उठून काढलेला पपईच्या पानांचा रस. मी "नको" म्हटलं तर ती म्हणाली, "अरे, तू डॉक्टर आहेस ना, मग आकडा खाली का चाललाय?" माझ्याकडे उत्तर होतं, पण आईला देण्यासारखं नव्हतं.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि रक्तपेढीला फोन लावला. प्लेटलेटची पिशवी आहे का, किती वेळात मिळेल, सगळं विचारलं. हजार पेशंटच्या नातेवाइकांना "आकड्याच्या मागे लागू नका" असं सांगणारा मी! त्या वेळी मला मुलगा दिसत नव्हता, फक्त उतरणारी पट्टी दिसत होती आणि ती भरणारी पिशवी हवी होती. मित्राने माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाला, "तू आत्ता डॉक्टर नाहीस, बाप आहेस. त्याला रक्तस्राव नाही, बीपी नीट आहे, लघवी होतेय, हिमॅटोक्रिट स्थिर आहे. घरी जाऊन अंघोळ करून ये."

त्याचं बरोबर होतं, आणि का ते तुम्हीही समजून घ्या. डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्यामुळे नव्हे. रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तातलं पाणी पोटात, फुप्फुसाभोवती जातं, रक्त घट्ट होतं आणि बीपी पडतं. म्हणून आम्ही हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताचा घट्टपणा बघतो. तो मूळच्यापेक्षा 20 टक्क्यांनी वाढला की गळती मोठी आहे असं समजतो. वरून दिलेल्या प्लेटलेटने ही गळती थांबत नाही, आणि त्या फार काळ टिकतही नाहीत. सिंगापूर आणि मलेशियात 372 प्रौढ रुग्णांवर झालेला अभ्यास 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. प्लेटलेट 20,000 किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, अशा रुग्णांना प्लेटलेट देऊन रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम जास्त झाले. आपल्याकडेही रक्तस्राव नसेल तर साधारण 10,000 च्या खाली गेल्यावरच प्लेटलेट देण्याचा विचार करतात.

हे सगळं मला पाठ होतं. पण मला ते खऱ्या अर्थाने समजावलं आमच्या चिरंजीवांनी, तेही गेमच्या भाषेत. माझ्या भावाने त्याला परदेशातून एक जुना हातात धरायचा गेम आणून दिला होता, त्यात 'पोकेमॉन एमरल्ड'. सातव्या दिवशी आकडा 34,000 झाला, मुलगा उठून बसला आणि तो गेम मागितला. मी शेजारी बसून बघत होतो. त्याच्या एका प्राण्याला विषबाधा झाली होती. चार-चार पावलं चाललं की एक एचपी कमी. मी म्हटलं, "अरे, त्याला पोशन दे की, वीस वाढतील." तो म्हणाला, "बाबा, पोशनने विष जात नाही. एचपी वाढतील आणि परत उतरतील. आधी अँटिडोट द्यायचा." त्याच गेममध्ये लकव्याला वेगळं औषध, झोपेच्या गुंगीला वेगळं, भाजल्याला वेगळं. आणि एका गावात स्वस्त कडू मुळ्या मिळतात. त्यांनी प्राणी बरा होतो, पण मालकावर थोडा नाराज होतो! बालरोगतज्ज्ञांनी ही कल्पना सुचवली असावी असं मला वाटलं.

ज्याला आकडा आणि आजार यांतला फरक असा सहज कळतो, त्याला तापाची गोळी आणि तापाचं कारण यांतला फरकही समजावता येतो. मी आता तेच करतो. दवाखान्यात शाळकरी मुलगा आला आणि आई "स्ट्राँग गोळी द्या" म्हणाली, की मी आईशी नाही, मुलाशी बोलतो. "पोशन आणि अँटिडोट, दोन्ही एकच का रे?" तो नाही म्हणतो. मग मी सांगतो की पॅरासिटामॉल हे पोशन आहे. त्याने बरं वाटेल, पण लघवी कमी झाली, पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, किंवा गळून गेल्यासारखं वाटलं, तर ताप नसला तरी ताबडतोब यायचं. मुलं हे नीट लक्षात ठेवतात, कधीकधी आईपेक्षाही.

सगळे गेम मात्र एवढे गुणी नाहीत. मुलं आता मोबाइलवर ज्या लढाया खेळतात, त्यांत फर्स्ट एड किटने पट्टी 75 टक्क्यांपर्यंतच भरते. त्यापुढे एनर्जी ड्रिंक किंवा पेनकिलर घेतलं की ती हळूहळू चढते, वर पळायचा वेगही वाढतो. गेल्या परीक्षेच्या वेळी अकरावीतला एक मुलगा छातीत धडधडतं म्हणून आला. दिवसाला तीन डबे एनर्जी ड्रिंक आणि डोकेदुखीला रोज आयब्युप्रोफेन, तेही बहुतेक उपाशीपोटी. 250 मिलीच्या डब्यात साधारण 75 मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि लहान मुलांसाठी नाही हे डब्यावरच छापलेलं असतं. पेनकिलरने वेग वाढत नाही, उपाशीपोटी घेतलं तर जठराला जखम होते. आणि डेंग्यूचा संशय असताना आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात.

मुलगा आठव्या दिवशी घरी आला तेव्हा प्लेटलेट 78,000 होत्या. आईच्या मते पपईच्या रसाने. मी वाद घातला नाही. प्लेटलेट या टप्प्यावर आपोआपच वाढतात. पण घरी आला म्हणजे बरा झाला असं नव्हतं. पुढे जवळजवळ तीन आठवडे दोन जिने चढला की तो बसायचा. फुटबॉल बंद. चिडचिड. डेंग्यूनंतर असा थकवा राहतो, आणि त्यावर कुठलीही बाटली, टॉनिक किंवा सलाईन नाही. झोप, जेवण, भरपूर पाणी आणि दिवस जाऊ देणं. जुन्या जपानी गेममध्ये नायक गावातल्या धर्मशाळेत एक रात्र झोपला की सकाळी पूर्ण भरलेला उठतो. मुलगा रोज सकाळी उठून म्हणायचा, "बाबा, अजून भरलो नाही."

त्या दिवसांत एका रविवारी घरातला औषधांचा डबा आवरायला घेतला. तो शेजारी गेम खेळत होता. त्याच्या पिशवीत सगळ्यात भारी औषधं नुसती साठवून ठेवलेली, नव्वद-नव्वद नग. विचारलं तर म्हणाला, "पुढे मोठी फाइट आली तर लागतील." पण गेम तर त्याने कधीच संपवला होता. तेवढ्यात माझ्या डब्यातून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या उरलेली एक स्ट्रिप निघाली, मुदत संपून वर्ष झालेली. मग अर्धी उरलेली खोकल्याची बाटली, डोळ्यांच्या ड्रॉप्सच्या तीन उघडलेल्या बाटल्या. त्याने वाकून बघितलं.

"हे कोणी ठेवलंय?"

"तुझ्या आज्जीने," मी म्हटलं. खरं म्हणजे निम्मी मीच ठेवली होती.