डॉक्टर, दिसतंय का?

एप्रिल 2020 मध्ये माझी ड्यूटी टेलि-ओपीडीत लागली, तेव्हा मी एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला होते. रिकामी खोली, लॅपटॉप, हेडफोन. "हे वाच आणि सुरू कर," म्हणत सरांनी कागदांचा गठ्ठा पुढे टाकला आणि ते वॉर्डात निघून गेले.

गठ्ठा टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांचा होता. लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, 25 मार्चला, त्या जाहीर झाल्या होत्या. तोवर या कामाला धड नियमच नव्हते. त्यात रत्नागिरीच्या एका प्रकरणात, न तपासता फोनवरून औषधं सांगितल्यावरून, मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. आमच्या सीनियर मंडळींनी त्याचा धसकाच घेतला होता. फोन आला की एकच उत्तर: "ओपीडीत येऊन दाखवा." आता तीच मंडळी मला फोनवरून औषधं लिहायला सांगत होती.

नियम वाचून डोकं गरगरलं. पॅरासिटामॉल, ओआरएस कसंही द्या. काही औषधं पहिल्यांदा द्यायची तर व्हिडिओवर पेशंट दिसलाच पाहिजे. काही फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला, त्याच आजारासाठी. मादक द्रव्यांच्या कायद्यात येणारी अजिबात नाहीत. त्यामुळे "झोपेची तेवढी गोळी लिहा की" म्हणणाऱ्या काकांना मी अल्प्राझोलम का देत नाही, हे समजावण्यातच निम्मी सकाळ जायची.

आणि तपासायचं कसं? सातारा जिल्ह्यातले एक आजोबा स्क्रीनवर आले. "डॉक्टर, दिसतंय का?" मला दिसत होता छताचा पंखा. डायबेटिसच्या गोळ्या संपल्या होत्या, एवढीच तक्रार. निघता निघता म्हणाले, "पायाला जरा लागलंय, पण दुखत नाही." डायबेटिसमध्ये जखम दुखत नसली तर उलट जास्त काळजी करायची असते. मी सूनबाईंना बोलावलं. पाय खिडकीच्या उजेडात घ्यायला लावला. हाताची मागची बाजू आधी एका पायाला, मग दुसऱ्याला लावायला सांगितली. "थांबा मॅडम, हा जास्त गरम लागतोय." मग नडगीवर अंगठा दाबून धरायला सांगितला; सोडल्यावर खळगा तसाच राहिला. जखमेची कड काळी पडलेली कॅमेऱ्यातही दिसली. गोळ्या लिहून दिल्याच, पण आजच्या आज रुग्णालयात न्या म्हणून बजावलं आणि नाक्यावर पोलिसांना दाखवायला पत्रही पाठवलं.

पुढे कोविड वॉर्डात तर एकाच इमारतीत टेलिमेडिसिन सुरू झालं. साठी ओलांडलेले आमचे सर वरच्या मजल्यावर, टॅब्लेट खाली सलाइनच्या स्टँडला प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधलेला. पीपीई किटमध्ये कान झाकलेले, स्टेथोस्कोप लावायची सोय नाही. सर म्हणायचे, "त्यांना गावाबद्दल विचार." मला वाटायचं, राउंडमध्ये या गप्पा कशाला? ते मात्र पेशंट एका दमात किती बोलतोय, वाक्य कुठे तुटतंय, मानेचे स्नायू ओढले जातायत का, हे पाहायचे. श्वास मिनिटाला 24 च्या वर गेले की ऑक्सिजनची तयारी.

घरी विलगीकरणात असलेल्यांची सहा मिनिटं चालण्याची चाचणी फोनवरच व्हायची. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि घरातल्या घरात चालायचं. आकडा 94 च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनहून जास्त घसरला, की बोलावून घ्यायचं. बोटाला नेलपॉलिश असलं किंवा बोट गार पडलं असलं तर आकडा चुकतो, तेही सांगावं लागे. एका आजींचं रीडिंग नातवाने 99 सांगितलं. खोकला तर मागून सारखा ऐकू येत होता.

"बोट कुणाचं आहे रे?"

"माझं. आजी झोपल्यात ना."

आजींना उठवल्यावर आकडा 91 आला आणि संध्याकाळी त्या आमच्याकडे दाखल झाल्या.

स्क्रीनवर सगळं बरं करता येत नाही. कुणाला घरीच थांबवायचं आणि कुणाला तातडीने बोलवायचं, एवढं मात्र ठरवता येतं. त्यासाठीही पलीकडे दुसऱ्या कुणाचे तरी हात लागतात. म्हणून आजही व्हिडिओ कॉल जोडला गेला की नाव-वय विचारण्याआधी माझा प्रश्न ठरलेला असतो: "घरात आणखी कोण आहे? त्यांना जरा जवळ बोलवा."